खांदा कोणी द्यावा?



गेल्या श्रावणातील एकादशीची गोष्ट. सिंदेवाहीस आमच्या भजनी मंडळाचा हरिपाठ नुकताच आटोपला होता. रोवणे संपत आलेले, बांध्या पाण्याने तुडुंब भरलेल्या, माणसे दिवसभर चिखलात वाकून दमलेली. तरी दहा-पंधरा जण ओट्यावर बसून होते. बोलता बोलता एका तरुणाने विचारले, "महाराज, हा येशूचा धर्म एवढा जगभर कसा पसरला जी? तलवारीनं, का आमिषानं?" मी तोंड उघडण्यापूर्वीच दुसरा म्हणाला, "दोन्हीनं!" सगळे हसले. खरे सांगतो, मीही हसलो.

पण घरी जाताना ते हसू घशात अडकले. कारण त्याच्या आठच दिवस आधी माझ्या दारावरून एक प्रेतयात्रा गेली होती.

गेलेला माणूस आमचाच जुना टाळकरी. नाव येथे देत नाही. वीस आषाढ्या त्याने माझ्याबरोबर केल्या. पुढे त्याच्या सुनेचे दुखणे लांबले. चंद्रपूरच्या दवाखान्यात महिनाभर राहावे लागले. आम्ही मंडळातले लोक भेटलो की विचारपूस करीत होतो, 'पांडुरंग सारे ठीक करील' असे म्हणत होतो आणि आपापल्या कामाला लागत होतो. तेथे दवाखान्यात प्रार्थनासभेची काही माणसे येत. त्यांनी रात्री जागविल्या, डबे आणले, औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन धावपळ केली. सून बरी झाली आणि हे घर रविवारच्या प्रार्थनेला जाऊ लागले. एके दिवशी तो माझ्याकडे आला, कागदात गुंडाळलेली तुळशीची माळ माझ्या हाती दिली आणि म्हणाला, "फेकवत नाई महाराज. तुमीच ठेवा."

तो वारला तेव्हा पाऊस कोसळत होता. मंडळात बोलणे झाले, 'आता त्यांचा धर्म वेगळा, त्यांचे ते पाहतील.' आणि त्यांचे त्यांनी पाहिलेही. दुसऱ्या गावांहून माणसे चिखल तुडवीत आली, त्यांनी खांदा दिला, मूठमाती दिली. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. तिरडी पुढून गेली. मी पायरी उतरलो नाही.

तेव्हा त्या तरुणाच्या प्रश्नाला हसून उत्तर देण्याचा अधिकार मला उरलेला नव्हता. म्हणून मी त्या धर्माचा पहिला इतिहास वाचावयास घेतला. जे समजले ते आणि त्यावरून मनाशी जो विचार झाला तो, वाचक सज्जनांपुढे ठेवतो.

प्रथम शब्दच पाहा. आपण ज्याला चर्च म्हणतो, त्याला मराठी बायबलात 'मंडळी' असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तसाच, बोलावून जमलेली सभा. म्हणजे चर्च ही आरंभी इमारत नव्हती. ती मंडळी होती, जशी आपली भजनी मंडळी. सुमारे इसवी सन ३० मध्ये रोमन सुभेदार पिलात याने येशूला क्रुसावर दिले. त्याच्यामागे राहिले ते कोण? काही कोळी, एक जकातवाला, काही बाया. सैन्य नाही, खजिना नाही, राजाश्रय तर नाहीच. पुढली जवळजवळ तीनशे वर्षे त्यांची तीच स्थिती होती. इ. स. ६४ मध्ये रोम शहर जळाले तेव्हा नीरो बादशहाने त्याचे खापर त्यांच्यावर फोडून त्यांचे हाल केले. २५० मध्ये डेशियसने हुकूम काढला की प्रत्येकाने देवतांना बळी वाहावा आणि तसा दाखला घ्यावा. ३०३ मध्ये डायोक्लेशियनने त्यांची प्रार्थनास्थळे पाडली, ग्रंथ जाळले. तलवार त्या काळी त्यांच्या मानेवर होती, हाती नव्हती. तेव्हा 'तलवारीने पसरला' हे उत्तर निदान या पहिल्या तीन शतकांना लागू पडत नाही.

मग कशाने?

सुमारे इ. स. ११२ मधले एक पत्र आजही उपलब्ध आहे. काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने बादशहा त्राजन याला विचारले आहे की, या लोकांचे करावे काय? चौकशीत त्याला आढळले ते एवढेच. हे लोक ठरल्या दिवशी पहाटे उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात, आणि चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात. मग पांगतात व पुन्हा जमून साधे अन्न एकत्र खातात. पहाटेचे गाणे, सदाचाराची आण आणि एकत्र जेवण! काकडा, नियम आणि काला यांत वाढलेल्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटल्यावाचून राहील काय? आणखी खरे काय ते काढण्यासाठी प्लिनीने दोन बायांचा छळ केला. त्या दासी होत्या आणि त्या मंडळीत त्यांना सेविका म्हणून मान होता. रोमच्या राज्यात ज्यांना माणूस म्हणून किंमत नव्हती, त्यांना तेथे पद होते.

पण कोणी समजू नये की ती मंडळी म्हणजे सगळे संतच. पंक्तिभेदाचा रोग तेथेही होता. पहिल्याच दिवसांत यरुशलेमात तक्रार झाली की रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते; त्यासाठी सात माणसे मुद्दाम नेमावी लागली. अंत्युखियात पेत्र हा परजातीय बांधवांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमाहून काही सोवळी माणसे आली, तसा तो भीतीने पंक्तीतून उठू लागला. पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर सुनावले. करिंथातले श्रीमंत लोक सामायिक भोजनाला आधी येऊन खाऊन-पिऊन तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत; त्यावरही पौलाने पत्रातून कडक शब्द लिहिले. सुमारे इ. स. ४९ मध्ये यरुशलेमात सभा भरली, तीत वाद हाच होता की परजातीयाला मंडळीत यावयाचे असेल तर त्याने आधी सुंता करून यहूदी व्हावे की नाही. निर्णय झाला, तशी जरूर नाही. दार उघडले ते त्या दिवशी. सज्जनहो, तो निर्णय उलटा झाला असता तर ही मंडळी यहुद्यांतला एक लहानसा पंथ होऊन राहिली असती, असे म्हणावयास जागा आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. रोम शहरात गरिबाचे मरण स्वस्त होते. ऐपतवाल्यांची थडगी हमरस्त्याच्या कडेला. ज्याचे कोणी नाही त्याचे प्रेत खड्ड्यात. म्हणून गरीब लोक वर्गणी भरून मंडळ्या काढीत, हेतू एवढाच की मेल्यावर कोणी नीट मूठमाती द्यावी. ख्रिस्ती मंडळीनेही पेटी ठेवली, पण ती अशी की ज्याला टाकता येईल त्याने टाकावे, नाही त्याने टाकू नये. आफ्रिकेतील कार्थेजचा तर्तुलियन हा इ. स. १९७ च्या सुमारास लिहितो की, त्या पेटीतला पैसा गरिबांना जेवू घालण्यात आणि पुरण्यात, पोरक्या मुलांवर, म्हाताऱ्या दासांवर, खाणीत टाकलेल्या कैद्यांवर खर्च होतो. २५१ च्या सुमारास रोमची मंडळी दीड हजारांहून अधिक विधवा व गरजूंना पोशीत होती, असे तेथल्या बिशपाच्या पत्रात आहे. रोमजवळचे मंडळीचे दफनस्थान सांभाळणारा कॅलिस्टस हा पूर्वी गुलाम होता. पुढे तोच रोमचा बिशप झाला. मढ्यांची राखण करणारा दास मंडळीचा प्रमुख झाला, ही गोष्ट थोडी थांबून मनात घोळवावी अशी आहे.

पुढे २५० नंतर रोमन राज्यात मोठी साथ आली. कार्थेजमध्ये लोक आजाऱ्यांना घराबाहेर टाकून पळू लागले, रस्त्यांवर प्रेते पडली. तेथला बिशप सिप्रियन याने मंडळीला सांगितले की, केवळ आपल्याच माणसांची शुश्रूषा केली तर त्यात विशेष ते काय? जे आपले नाहीत त्यांचीही करा. आणि ध्यानात घ्या, नुकताच डेशियसचा छळ होऊन गेलेला होता. ज्या शेजाऱ्यांनी कालपरवा चुगली केली असेल, त्यांच्याच उशाशी बसावयाचे होते.

याला साक्ष मित्राची नव्हे, विरोधकाची आहे. ३६१ ते ३६३ या काळात जुलियन बादशहा होता. ख्रिस्ती घराण्यात वाढून तो जुन्या देवतांकडे परतला होता आणि त्यांची पूजा पुन्हा जोमात आणावी अशी त्याची तळमळ होती. गलातिया प्रांताच्या आपल्या मुख्य पुजाऱ्याला तो लिहितो की, या पंथाची वाढ कशाने झाली हे आपण का पाहत नाही? परक्यांवर केलेली माया, मृतांची घेतलेली काळजी आणि, ढोंगाने का होईना, पाळलेला सदाचार, यांनीच ती झाली. ते आपले गरीब तर पोसतातच, पण आमचेही पोसतात, आणि आमच्या लोकांना आमच्याकडून काही मिळत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. असा त्या पत्राचा आशय आहे. ते वाचताना माझे हात थांबले. मृतांची काळजी! सोळाशे वर्षांपूर्वी एका बादशहाने जे लिहिले ते माझ्या दारावरून पावसात चालत गेले होते.

येथे कोणी शंका घेईल, 'महाराज, तुम्ही एकच बाजू सांगता.' नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाईन व लिसिनियस यांनी ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. ३८० मध्ये थिओडोसियसने तोच राज्याचा धर्म ठरविला. आता मंडळीत येण्याला धैर्य लागेना. उलट न येण्याला लागू लागले. संख्या भराभर वाढली आणि तलवारीने हात बदलला. ३८५ मध्ये त्रिअर येथे प्रिसिलियन नावाच्या एका ख्रिस्ती बिशपाला वेगळे मत शिकविल्याच्या प्रकरणात ख्रिस्ती राजसत्तेनेच ठार मारले. तूरचा संत मार्टिन याने त्याला विरोध केला, पण कोणी ऐकले नाही. ज्यांचे आजे छळात मेले, त्यांचे नातू छळ करू लागले. मध्ये शंभर वर्षेही गेली नाहीत. आपल्या मराठी मुलखाजवळ गोव्यात तर हे फारच जवळून पाहावयास मिळाले. देवळे पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन बसले आणि मध्ये थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चालले. त्या मार्गाने जी संख्या वाढली तिला धर्माची वाढ म्हणावयाचे असेल, तर पुराने फुगलेल्या नाल्याला तलाव म्हणावे लागेल. आणि दुष्काळात धान्याचे पोते दाखवून 'आधी नाव लिही, मग घे' असे कोणी कोठे म्हटले असेल, तर तेही त्याच जातीचे.

पण त्याच गोव्यात फादर स्टीफन्सने मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. आणि आपल्या विदर्भातून जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळकांची गोष्ट घडली. कोकणातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेला हा ब्राह्मण कवी नागपूरहून राजनांदगावास चालला होता. डब्यातल्या एका युरोपियन गृहस्थाशी बोलणे झाले, त्याने बायबल वाचावयास दिले. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यात ना तलवार होती, ना पोते. उलट आप्त तुटले, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दुरावल्या. त्या वेदना त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त आहेत. टिळक स्वतः म्हणत की तुकोबांच्या पुलावरूनच मी ख्रिस्तापर्यंत आलो. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. अशा माणसाकडे पाहून आपण काय म्हणावे? 'गेला' म्हणावे, की ज्या पुलावरून तो गेला तो पूल आपला आहे, याचा विचार करावा?

आता सर्वांत अवघड प्रश्न. सेवेने धर्म वाढतो हे खरे. मग धर्म वाढावा म्हणून सेवा करावी काय?

जुलियनने नेमके तेच केले. त्याने गावोगाव परक्यांसाठी धर्मशाळा काढावयास सांगितल्या, गहू व द्राक्षासव नेमून दिले. हेतू हा की गॅलिलीवाल्यांनी आपल्याला मागे टाकू नये. ३६३ मध्ये तो इराणच्या स्वारीत मारला गेला आणि ते काम तेथेच राहिले. लवकर मेला म्हणून राहिले असेही म्हणता येईल. पण मला वाटते त्यात एक मूळचे उणे होते. भुकेला त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता, प्रतिस्पर्धी होता. ज्या सेवेचा डोळा दुसऱ्याच्या ओसरीवर असतो, ती सेवा नव्हे, ती ईर्षा. हे आपल्यालाही लागू आहे. 'ते दवाखान्यात जातात, आता आपणही गेले पाहिजे, नाहीतर माणसे जातील', असे म्हणून जो जाईल तो रोग्याकडे जातच नाही. तो शिरगणतीकडे जातो.

मग खरी सेवा ओळखावी कशी? माझ्या अल्प बुद्धीला एकच कसोटी सापडली. ज्याची सेवा केली तो उद्या आपल्या मंडळीत आला नाही, किंबहुना सोडून गेला, तरी ती सेवा चालू राहते का? राहत असेल तर ती निष्काम. थांबत असेल तर ते पोते दाखविणेच झाले, मग दाखविणारा कोणत्याही धर्माचा असो. ही कसोटी प्रार्थनासभेवाल्यांना लावा, जरूर लावा. पण आधी आम्हाला लागू करू. आमचा टाळकरी आम्हाला सोडून गेला आणि आमचे खांदे थांबले. याचा अर्थ वीस वर्षे आम्ही जे प्रेम केले ते माणसावर नव्हते, त्याच्या गळ्यातल्या माळेवर होते.

आणि आपल्याकडे दाखला नाही काय? मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले असता कूस कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. परंपरा हे साल इ. स. १३३८ चे सांगते. ज्यांना जिवंतपणी देवळात पाऊल ठेवता आले नाही, त्यांच्या अस्थी आणावयास कोण गेले? नामदेवराय गेले. ढिगाऱ्यातले प्रत्येक हाड कानाशी लावून ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते वेचले आणि पंढरीस महाद्वारापुढे समाधी दिली. लोक काय म्हणतील हे नामदेवरायांनी पाहिले नाही. आपण दरसाल त्या समाधीपुढे माथा टेकतो आणि गावी येऊन विचारतो की अमक्याला खांदा द्यावा का!

त्या महाद्वाराच्या आत चोखोबांच्या लोकांना जाता यावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावे लागले. म्हणजे नामदेवरायांनी अस्थी आणल्यावर सहाशे वर्षे! आणि १९५६ च्या ऑक्टोबरात, १४ तारखेला नागपुरास व १६ तारखेला आपल्या चांद्यास, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बरोबर लाखो लोक बुद्धाला शरण गेले, तेव्हा त्यांना कोणी आमिष दाखविले होते? ते स्वाभिमानाने गेले. माणसे जातात तेव्हा 'त्यांना कोणी ओढले' हा प्रश्न आपण आधी विचारतो. 'त्यांना येथे कोणी धरले होते का' हा प्रश्न मागाहून तरी विचारावा.

सेवा ही कोणा एका धर्माची मिरासदारी नव्हे. याच आपल्या जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभारावयास घेतले. महारोग्याला जवळ करताना त्यांनी त्याचा धर्म विचारला नाही. नाथांनी तहानलेल्या गाढवाच्या मुखी काशीची गंगा घातली, तेव्हा गाढव वारीला येईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

असो. त्या एकादशीनंतर चार दिवसांनी मी त्या घरी गेलो. म्हातारी सुपात तांदूळ निवडीत होती. काय बोलावे सुचेना. "माय, माझी चूक झाली," एवढेच म्हणालो. तिने मान वर केली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमची वाट पायली जी महाराज. ते म्हनत होते, महाराज येतीनच."

यावर मला उत्तर नव्हते, आजही नाही. तिने चहा दिला, मी घेतला. ती आता आपल्या प्रार्थनेला जाते, मी आपल्या हरिपाठाला येतो. तिला परत आणण्याचा विषय मी काढला नाही, काढणारही नाही. माळ माझ्या देव्हाऱ्यात तशीच कागदात आहे.

मंडळापुढे मी एक गोष्ट मांडली आहे. गावात कोणाच्याही घरी मरण आले, मग तो माळकरी असो, बुद्धाला मानणारा असो, प्रार्थनेला जाणारा असो की नमाज पढणारा असो, तर मंडळातील निदान चार जणांनी दारात जाऊन उभे राहावे आणि घरच्यांनी हो म्हटले तर खांदा द्यावा. दोघा वडीलधाऱ्यांना हे पसंत नाही. त्यांचे म्हणणे असे की याने आपली शिस्त मोडेल. चर्चा चालू आहे. तो तरुण मात्र पहिल्यांदा हो म्हणाला. मंडळाचे ठरेल तेव्हा ठरो. मी माझ्यापुरता पायरी उतरणार आहे.

पांडुरंग तेवढे बळ देवो. रामकृष्ण हरि.